शंकर आबाजी भिसे यांचं यंत्र नेमकं अडलं कुठे?

फॉन्टवाली: मी देवनागरी फॉन्ट बनवते. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्याबद्दल वाचावं तिथे 'भारताचे एडिसन' आणि पुढे कौतुकच कौतुक. त्यांचं 'भिसोटाइप' नक्की काय करायचं? आणि एवढं चांगलं होतं तर चाललं का नाही?

जुना खिळेजुळारी: गिरगावातल्या छापखान्यात एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले, म्हणून लिहितो. ते यंत्र खिळे ओतायचं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात गेला की थंड होऊन अक्षर बाहेर. लायनोटाइप हे त्या काळचं दुसरं यंत्र अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं. एक वेलांटी चुकली की ओळच नव्याने ओता! सुटा खिळा असला की चिमट्याने उपसायचा, दुसरा बसवायचा, काम झालं. असे सुटे खिळे, तेही एकाच वेळी अनेक आणि झपाट्याने ओतायचे, हा भिशांचा खटाटोप.

आता अडलं कुठे? माझ्या मते पैशात. मुंबईत सरकारी हिशेब कचेरीत कारकुनी करता करता त्यांनी दुकानात साखर-पीठ आपोआप तोलून देणारं यंत्र काढलं आणि लंडनच्या एका मासिकाची स्पर्धा जिंकली. मग दिनशा वाच्छांची चिठ्ठी घेऊन विलायतेत दादाभाई नौरोजींकडे. दादाभाईंनी पाठीशी उभं राहून पैशाचीही सोय पाहिली. पुढे समाजवादी पुढारी हाइंडमन भांडवल उभं करतो म्हणाले, ते जमलं नाही. भिसे हात हलवत मुंबईला निघाले. गोखल्यांच्या शब्दाने रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) हात दिला, पुन्हा लंडन, आणि शेवटी अमेरिका. यंत्र सुधारायचं की दारोदार फिरायचं?

नळदुरुस्ती: काका, सगळा दोष पैशाला नको. खिळे ओतणं, स्वयंचलित फ्लश, डोकेदुखीवरचं उपकरण, जाहिरातीचे उजळते फलक... एक धड पुरं करायचं ना! आणि तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप (सुटे खिळे ओतणारं दुसरं यंत्र) बाजारात पक्के बसले होते. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये लायनोटाइप १८८६ साली लागलं.

जुना खिळेजुळारी: बाजाराचं खरं. पण दहा ठिकाणी हात घालायचं म्हणाल तर एडिसनचे अमेरिकेतच हजारावर पेटंट होते, त्याला कुणी धरसोड म्हणत नाही. त्याच्यामागे मेन्लो पार्कची कर्मशाळा, कारागीर आणि सावकार होते. भिशांकडे शिफारसपत्रं. म्हणून मला ते 'भारताचे एडिसन' खटकतं. आणि गंमत बघा, अखेरीस पैसा दिला तो आयोडीनच्या औषधाने, ॲटोमिडीनने. खिळ्यांनी नव्हे.

फॉन्टवाली: म्हणजे खिळे ओतायची एवढी घाई होती तरी कुणाला? एकदा ओतले की झालं ना?

जुना खिळेजुळारी: ताई, तुमचा 'क' कितीही वेळा छापा, झिजत नाही. आमचा झिजायचा. कडा बोथट झाल्या की शाई पसरायची, 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायला लागायचे, की ते सगळे वितळवायला. मुंबईच्या जावजी दादाजींनी १८६४ साली आधी टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये, ते उगाच नाही.

शिवाय आपल्याला खिळे लागायचे किती! इंग्रजीवाल्याचं दोन केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांत, भागायचं. आमच्याकडे जोडाक्षरं, रफार, उकार धरून शेकड्यांनी खण. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अंगठ्याला ती लागली की अक्षर सुलटं बसलं हे न बघता कळायचं. अजूनही पेन उचललं की अंगठा खाच शोधतो.

फॉन्टवाली: आणि सगळ्यात आधी कोणता खण रिकामा व्हायचा?

जुना खिळेजुळारी: काना. पंचांगाच्या दिवसांत दुपारपर्यंत काने संपायचे. मग छापून झालेल्या पानांची जुळणी सोडा, काने खणात टाका, की पुढचं जुळवायला घ्या.