इब्न हिशामची कात्री कुणाच्या सांगण्यावरून चालली?

नौपाडाकर_निवृत्त
आमच्या कट्ट्यावर यंदा पैगंबरचरित्र आहे आणि बोलायची पाळी माझी. मूळ लिहिलं इब्न इसहाकने (मृत्यू सुमारे ७६७), पण सगळे वाचतात ते इब्न हिशामने (मृत्यू सुमारे ८३३) बेतलेलं. गाळलंय हे तो प्रस्तावनेतच सांगतो: पैगंबरांशी संबंध नसलेला मजकूर, जाणकारांना ठाऊक नसलेल्या कविता, चारचौघांत बोलायला लाज वाटेल असं काही, आणि ज्याने काही लोक दुखावतील ते. हे ‘काही लोक’ म्हणजे तेव्हा राज्य करणारे अब्बासी खलिफा का? कट्ट्यावरचे एक गृहस्थ ‘दरबारी लेखन, दुसरं काय’ म्हणून मोकळे झाले. मला पटलं नाही.

कौसा_मुंब्रा
काका, मुसलमान विरुद्ध मक्केवाले ही बद्रची लढाई (६२४) काढून बघा. रसूलुल्लाहंचे (म्हणजे पैगंबरांचे) चुलते अब्बास तेव्हा मक्केवाल्यांकडून आले होते आणि कैद झाले. अब्बासी घराणं यांचंच. इब्न हिशामच्या कैद्यांच्या यादीत रसूलुल्लाहंच्याच हाशिम घराण्यातले अकील आणि नौफल आहेत, अब्बास नाहीत. नंतरचा इतिहासकार तबरी याने मात्र इब्न इसहाकच्याच हवाल्याने सगळं दिलंय: पकडणारा अबुल यसर चणीने लहान, अब्बास धिप्पाड. रात्री बांधलेल्या चुलत्यांचं कण्हणं कानावर येऊन रसूलुल्लाहंना झोप लागेना, तेव्हा लोकांनी जाऊन त्यांचे बंध सोडले. अब्बास मनाने आधीच मुसलमान होते म्हणून यादीत नाव नाही, असंही सांगतात.

नौपाडाकर_निवृत्त
वा! पण मग गंमत बघा. तबरी तर बगदादलाच राहिला, अब्बासींच्याच राज्यात ९२३ मध्ये वारला. त्याने हे लिहिलं आणि पचलंही. शिवाय ‘अब्बास भेटले तर मारू नका, त्यांना बळेच आणलंय’ ही पैगंबरांची सूचना इब्न हिशामने ठेवलीय. म्हणजे ते शत्रूच्या फौजेत होते हे झाकलं नाही, झाकल्या त्या बेड्या. वरून फर्मान आल्यावर असं अर्धवट काम कोण करेल? मला तर हा थोरामोठ्यांच्या पूर्वजांचा आपणहून ठेवलेला मुलाहिजा वाटतो.

नेरुळची_बाई
इतिहास शिकवते म्हणून एक पुस्ती. तबरीलाही धुतल्या तांदळासारखा समजू नका. नातेवाइकांना जेवायला बोलावल्याचा प्रसंग घ्या. त्याच्या इतिहासात पैगंबर आपले चुलतभाऊ अली यांना ‘माझा भाऊ, माझा वसी (मागची जबाबदारी सोपवलेला), तुमच्यातला माझा खलिफा’ म्हणतात. त्याच्याच कुराणभाष्यात तेच वाक्य ‘माझा भाऊ, आणि असं असं’ एवढंच उरतं. हात तबरीचा की नक्कल करणाऱ्याचा, यावर वाद आहेत. इब्न हिशामकडे तर ते जेवणच नाही. तुमच्या जागी मी असते तर अब्बासांपेक्षा यावरच जास्त बोलले असते. खरी दुखरी नस वारसाहक्काची, म्हणजे पैगंबरांनंतर नेतृत्व कुणाचं याची.

कौसा_मुंब्रा
आणि त्या गृहस्थांना एवढं विचारा: निव्वळ दरबारी माणूस असता, तर गाळल्याचं पहिल्याच पानांत स्वतः कशाला लिहून ठेवलं असतं?