हरेन दासांना पळपुटा म्हणणाऱ्यांशी बोलायचंय

बुरिन:
काल एकाने छापचित्रकार हरेन दासांचा वुडकट (लाकडी ठोकळा कोरून घेतलेला छाप) टाकून खाली लिहिलं, "बंगालात माणसं भुकेनं मरत होती आणि हा नदी, नावा, गुरं कोरत बसला. पळपुटा." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. १९२१चा जन्म, दिनाजपूरचा, म्हणजे १९४३च्या त्या दुष्काळात बावीस वर्षांचं पोरगं. पुढे कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात शिकवलं, आणि आयुष्य छापचित्रातच घातलं. रंगीत वुडकटला प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, एक जरी केसभर सरकला तर नदीचा रंग नावेवर चढतो. वुड एनग्रेव्हिंगला तर खोडाच्या आडव्या कापावर बुरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, चालवायचं, जे उजळ हवं तेच कोरायचं, हात घसरला की ठोकळा गेला. त्याच्या पाण्यावरचा उजेड नीट बघा आधी.

सांगलीकर७२:
लिहिणारा मीच. मागे घेत नाही. त्याच १९४३ला चित्रकार चित्तप्रसाद बंगालातल्या मेदिनीपुरात पायी हिंडून उपाशी माणसं रेखाटत होता, त्याच्या 'हंग्री बंगाल' पुस्तिकेच्या प्रती इंग्रजांनी जप्त करून नष्ट केल्या. चित्रकार झैनुल आबेदिनची दुष्काळाची स्केचेस बघा. आणि दिनाजपूर म्हणताय तर १९४६-४७च्या तेभागा आंदोलनाचा जोर त्याच जिल्ह्यात होता, पिकाचे तीनातले दोन वाटे कसणाऱ्याला द्या म्हणून लोक उठले. चित्रकार सोमनाथ होर शेजारच्या रंगपूरला जाऊन ते रेखाटत होता. हरेन दासच्या चित्रांतल्या गावात मात्र सगळं शांत. माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडीवर पोरं जगवली तिने. गाव किती सुंदर असतं हे मला कोणी सांगू नये.

नीलिमा:
मला वेगळंच विचारायचंय. छापचित्र ओरिजिनल कसं? मी वीस हजार देऊन 'लिमिटेड एडिशन' घेतली, खाली पेन्सिलची सही, ३/५० (पन्नासातली तिसरी प्रत), सगळं. फ्रेमवाल्याने भिंगातून दाखवलं तर नुसते ठिपके. मशीनवर मारलेलं पोस्टर! विकणारा आता फोन उचलत नाही.

ट्रेडल:
ताई, तुम्हाला फसवलं त्यात छापचित्राचा काय दोष? माझे वडील आयुष्यभर ट्रेडलवर, पायाने चालवायच्या छापयंत्रावर, उभे राहिले. ठोकळ्यावरचं चित्र कशाची कॉपी नसतं, ते ठोकळ्यावरच जन्मतं. चित्तप्रसादही लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले छाप) करायचा, त्या काय कॉप्या?

नीलिमा:
मग तेच पन्नास जणांना का विकायचं?

ट्रेडल:
पन्नास घरांत जावं म्हणूनच तर छापतात! एवढं कळत नसेल तर घेऊ नये माणसाने.

नीलिमा:
ते वीस हजार माझ्या पगारातले होते. बोलायची पद्धत सांभाळा.

बुरिन:
विषय कुठे चाललाय. सांगलीकर, आजींचं वाचलं, त्यावर वाद घालणार नाही. पण फाळणीत दिनाजपूर शहर पलीकडे, पूर्व पाकिस्तानात गेलं, त्यानंतरची त्याची गावं मला वेगळी दिसतात. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. ते पेरणीचं बोलायचे, जत्रेचं बोलायचे, धरणाचं एकदाही नाही. त्यांना पळपुटे म्हणाल?

सांगलीकर७२:
नाही म्हणणार. बरं, 'पळपुटा' काढतो. पण त्याची राबणारी माणसं मला कधी दमलेली दिसली नाहीत, आणि हे मी म्हणत राहणार.

ट्रेडल:
ताई, जरा जास्तच बोललो. चित्राचा फोटो टाका, पुढून, पाठीमागून आणि कडेचा जवळून. ठोकळ्याचा दाब कागदावर उमटलाय का बघतो.

नीलिमा:
रविवारी फ्रेम उघडून टाकते.