क्लासिक ३५० पिकअपमधून घाटमार्गे न्यायची आहे: पट्टे कुठे बांधावेत आणि किती ताणावेत?

कोयनाकाठ (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. वडील निवृत्तीनंतर चिपळूणला राहायला गेले आहेत आणि त्यांची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मोटारसायकल अजून पुण्यात माझ्याकडेच आहे. ऐन जुलैच्या पावसात ती चालवत नेण्यापेक्षा पिकअपमधून पाठवणे मला योग्य वाटते, म्हणून ओळखीच्या एका टेम्पोचालकांशी बोलणी केली आहेत. मार्ग सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि तेथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा असेल. चालकदादांचे म्हणणे असे की, गाडी हौद्यात साइड स्टँडवर उभी करायची, सीटवरून नायलॉनची दोरी टाकून दोन्ही बाजूंना आवळायची आणि फटीत जुनी गादी कोंबायची. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण घाटातली वळणे आणि पावसाळ्यातले खड्डे डोळ्यांसमोर आले की दोरी वाटेत सैल पडेल अशी भीती वाटते.

गाडी स्टँडवर ठेवावी की दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी? पट्टे बांधताना पुढचे शॉकअप दाबावे लागतात असे काही जण सांगतात, तर त्याने ऑइल सील फुटते असे आमच्या गॅरेजमध्ये सांगितले. यातले खरे काय मानावे? आणि माल चढवण्याचा धक्का जवळ नसताना एवढी जड गाडी हौद्यात चढवावी कशी? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

सह्यवाट:

नमस्कार. स्टँडचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची बांधणी त्यावरच अवलंबून आहे. साइड स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीचे वजन एका लहानशा पायावर आणि तो पाय जिथे चेसिसला जोडलेला असतो त्या एका सांध्यावर येते. पिकअप खड्ड्यात आदळला की मोटारसायकलचे शॉकअप क्षणभर दबतात, दोरीतला ताण तेवढ्यापुरता नाहीसा होतो, गाडी किंचित सरकते, आणि पुन्हा वर येते तेव्हा ती आधीच्या जागी नसते. प्रत्येक खड्ड्याला हे थोडे थोडे होत राहते. सीटवरून टाकलेल्या दोरीचे दुखणे वेगळे आहे: सीटचा फोम प्रवासभर दबत जातो आणि जितका तो दबतो तितकी दोरी ढिली पडते. शिवाय नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर अधिक ताणले जाते, त्यामुळे पुण्यात घट्ट वाटलेली गाठ पाटणच्या पावसात तशी राहील याची खात्री देता येत नाही. पॉलिएस्टरच्या विणलेल्या रॅचेट पट्ट्यांना (दातेरी चक्राने आवळता येणाऱ्या पट्ट्यांना) हा दोष जवळजवळ नसतो. म्हणून दोरीऐवजी तेच घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. डबल स्टँडही टाळावा, कारण त्यावर मागचे चाक उचललेले राहते आणि ब्रेक लागताच गाडी स्टँडवरून पुढे उतरू शकते.

तेव्हा गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी आणि पुढचे चाक केबिनच्या बाजूच्या भिंतीला टेकवावे, मध्ये एक जाड फळी ठेवून. चाक डावीउजवीकडे वळू नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे ठोकावेत, किंवा चाक अडकवण्याचा तयार लोखंडी साचा मिळाला तर तो वापरावा. पुढचे दोन पट्टे हँडलला बांधू नयेत. हँडल आपल्या क्लॅम्पमध्ये फिरू शकते, आणि तिथे ब्रेकची नळी, क्लचची तार व वायरिंग चिरडण्याचा धोका असतो. हेडलाइटच्या खाली, दोन्ही शॉकअपना जोडणारी जी खालची टी असते, तिच्याभोवती कापडी लूप ओवावा आणि रॅचेटचा हूक त्या लूपमध्ये अडकवावा. तेथून पट्टा खाली, पुढे आणि बाहेर अशा तिरक्या दिशेने हौद्याच्या कोपऱ्याकडे न्यावा. जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन झाला तर पट्ट्यातल्या ताणापैकी सुमारे ७० टक्के जोर गाडी खाली दाबायला आणि तितकाच आडव्या दिशेने धरून ठेवायला मिळतो. पट्टा फार उभा गेला तर गाडी नुसती खाली दबते. ती आडवी होण्यापासून त्याने रोखली जात नाही.

मागचे दोन पट्टे मागच्या चिमट्याला (मागचे चाक ज्यात बसवलेले असते त्या दुबेळक्याला) किंवा पाठीमागच्या फुटरेस्टजवळच्या चेसिसला बांधून मागे आणि बाहेर न्यावेत. यांचे काम गाडी उभी धरण्याचे नाही, तर वळणावर मागचे चाक नाचू न देण्याचे आहे. म्हणून ते पुढच्यांइतके ताणण्याची गरज नसते. पट्टा सायलेन्सरला लागत नाही ना, हे मात्र पाहावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि हँडलचे कुलूप लावू नये, कारण कुलूप लावले की चाक वळलेलेच राहते आणि सरळ बांधताच येत नाही.

चढवण्याविषयी. क्लासिक ३५० चे वजन १९५ किलोच्या आसपास आणि लांबी सात फुटांहून किंचित जास्त आहे, म्हणून छोटा हत्ती घेऊ नये. आठ-नऊ फुटी हौद्याचा पिकअपच घ्यावा, म्हणजे फाळका नीट बंद होईल. हौदा अडीच फूट उंच धरला तर पाच फुटी फळीवरून गाडी ढकलायला सुमारे १०० किलोचा जोर लागतो आणि आठ फुटी फळीवर तोच ६० किलोंवर येतो. पिकअपची मागची बाजू एखाद्या बांधाला किंवा उंचवट्याला लावली तर आणखी सोपे होते. फळी हौद्याला दोरीने पक्की बांधून घ्यावी. ती मागे सरकल्यामुळेच बहुतेक गाड्या पडतात. एकाने डाव्या बाजूने हँडल धरून क्लच सांभाळावा आणि दोघांनी मागून लोटावे. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये आणि क्लच बोटांखाली असेल तर क्लच सोडताच मागचे चाक अडते. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेले असल्याने नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नये. गाडीवर बसून ती फळीवरून चढवण्याचा विचार तर कृपया मनातही आणू नये.

फिटर कोल्हापूर:

सीलविषयी गॅरेजवाल्यांनी सांगितले ते अगदी निराधार नाही, पण अर्धवट आहे. शॉकअपच्या नळीत तेलाच्या वर थोडी हवा कोंडलेली असते. शॉकअप दाबला की ती हवा दबते आणि आतला दाब सीलवर येतो. रस्त्यावर चालताना हेच सतत होत असते आणि सील त्यासाठीच बनवलेले असते. अडचण तेव्हा येते जेव्हा पट्टे ओढून ओढून शॉकअप अगदी तळाला टेकवले जातात. मग प्रत्येक धक्क्याला दबायला जागाच उरत नाही आणि सगळा मार सील, टी आणि पट्ट्याचे हूक यांवर पडतो. या गाडीच्या पुढच्या शॉकअपचा प्रवास १३० मिमी आहे. त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ४० ते ४५ मिमी दाबला की पुरे. हेडलाइटच्या खालच्या कडेपासून मडगार्डपर्यंतचे अंतर बांधण्यापूर्वी आणि बांधल्यावर टेपने मोजले की अंदाजावर राहावे लागत नाही.

शॉकअप मुळीच न दाबता बांधणेही वाईट. शॉकअप दबलेला असला की त्याची स्प्रिंग पट्टा कायम ताणून धरते. पिकअप आदळून गाडी खाली गेली तरी पट्ट्यात ताण शिल्लक राहतो आणि हूक निसटत नाही. आणखी एक पद्धत आहे, तीत पट्टे शॉकअपच्या वरच्या भागाला न बांधता थेट चाकांना बांधतात. त्यात शॉकअप मोकळे राहतात, सीलची चिंता राहत नाही आणि लांबच्या प्रवासात ते बरेही पडते; पण त्यासाठी दोन्ही बाजूंनी चाक घट्ट पकडणारा साचा हौद्याला बोल्टने बसवलेला असावा लागतो. एका दिवसाच्या प्रवासासाठी भाड्याच्या पिकअपमध्ये ते शक्य नसते. चिपळूणला पोहोचताच पट्टे सोडून टाका. गाडी तशीच दाबून रात्रभर ठेवू नका.

नेकारकाठ, स्टुटगार्ट:

मी इथे मोटारसायकली ट्रेलरवरून नेतो, म्हणून लिहावेसे वाटले. जर्मनीच्या वाहतूक नियमांतील कलम २२ प्रमाणे आणीबाणीचा ब्रेक लावला किंवा अचानक वाहन वळवावे लागले तरी माल सरकता, उलटता वा पडता कामा नये. त्यासाठी युरोपीय मानक ईएन १२१९५-१ मध्ये रस्त्यावरील वाहतुकीसाठी जे आकडे धरले आहेत ते कुठल्याही देशातल्या बांधणीला उपयोगी पडतील: पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर. १९५ किलोच्या गाडीसाठी हा हिशेब पुढे १५६ किलो आणि बाजूला सुमारे ९८ किलो होतो. पुढचा जोर मोठा आहे, म्हणूनच चाक केबिनच्या भिंतीला टेकवण्याचा सह्यवाट यांचा सल्ला महत्त्वाचा आहे. कुंभार्ली घाट तुम्ही उतरणार असल्यामुळे त्यात उताराचीही भर पडेल.

पट्टे विकत घेताना ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून समाधान मानू नये. तो बहुधा तुटण्याचा भार असतो आणि कामाचा सुरक्षित भार साधारण त्याच्या एक तृतीयांश धरतात. इथल्या पट्ट्यांवर शिवलेल्या चिठ्ठीवर एलसी या अक्षरांपुढे तो स्वतंत्र दिलेला असतो. चिठ्ठी फाटलेला, कडेला चीर गेलेला किंवा गाठ मारलेला पट्टा वापरू नये, कारण गाठीजवळ त्याची ताकद बरीच घटते. ट्रेलर वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, मोटारसायकलचे वजन आसाच्या किंचित पुढे पडेल अशी ती उभी करावी. वजन आसाच्या मागे गेले तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि तो आवरणे फार कठीण होते.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चालकदादांसोबत पिकअप पाहून आलो आणि एक अडचण लक्षात आली. दोरी बांधण्याचे सगळे हूक हौद्याच्या बाहेरच्या बाजूला, फाळक्यांच्या खाली आहेत. आत एकही कडी नाही. पट्टा फाळक्याच्या कडेवरून बाहेर न्यावा लागला तर चालेल का?

सह्यवाट:

हा प्रश्न तुम्ही वेळेवर विचारलात, कारण आपल्याकडच्या पिकअपमध्ये ही अडचण हमखास येते. कडेवरून पट्टा नेल्यास दोन गोष्टी बिघडतात. पत्र्याची धार प्रत्येक हादऱ्याला पट्टा कापत राहते, आणि बाजूचा फाळका उघडणारा असेल तर सगळा ताण त्याच्या बिजागरीवर व खिट्टीवर येतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत लोखंडी कड्या बसवून घेणे. त्या नुसत्या पत्र्यात न अडकवता खालून जाड पट्टी लावून, जिथे हौद्याखालचा आडवा बीम जातो तिथेच बोल्टने आवळाव्यात. चालकदादांना हे समजावून सांगा. त्यांच्या पुढच्या प्रत्येक फेरीला त्या कड्या उपयोगी पडतील. ते तयार नसतील तर आत कड्या असलेला दुसरा पिकअप शोधावा. अगदीच इलाज नसेल आणि फाळके स्थिर असतील, तर कडेवर जाड रबरी पाइप चिरून बसवावा आणि पट्टा त्यावरून न्यावा, पण हा नाइलाजाचा मार्ग आहे.

बांधण्याचा क्रम असा ठेवा. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली असतानाच डावा पट्टा अडकवून बेताचा ओढून ठेवा. मग उजवा पट्टा ताणत गाडी सरळ उभी करा, स्टँड वर घ्या आणि आळीपाळीने एकेक दात ओढत दोन्ही सारखे करा. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे निदान दोन वेढे पडलेले असावेत. उरलेले टोक नीट गुंडाळून बांधून टाका, म्हणजे ते वाऱ्यावर फडफडून चाकात जाणार नाही. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर पहिल्यांदा थांबून चारही पट्टे हाताने दाबून पाहा, कारण पहिल्या काही किलोमीटरांतच पट्टे आणि लूप आपापल्या जागी बसतात आणि थोडा ढिलेपणा येतो. त्यानंतर खंबाटकी ओलांडल्यावर आणि घाट सुरू होण्यापूर्वी कोयनानगरला पुन्हा पाहा.

उतरवताना आधी मागचे पट्टे सोडा. पुढच्यांना हात लावण्यापूर्वी स्टँड खाली घ्या आणि एकाला गाडी घट्ट धरायला सांगा. मग उजवा पट्टा आधी सोडा, म्हणजे दाबलेला शॉकअप वर येताना गाडी डावीकडे, स्टँडच्या बाजूला कलेल. डावा पट्टा आधी सोडला तर ती उजवीकडे ओढली जाईल आणि त्या बाजूला तिला टेकायला काहीच नसेल.