मीटरवर रीडिंग आलं म्हणून इंजेक्टर पास करू नका

पाना_बारा: "मल्टिमीटरवर ओहम बरोबर आले की इंजेक्टर (डिझेल इंजिनच्या सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग) चांगला" हा सल्ला काल वाचला, खाली वाहवाही भरपूर. राहवलं नाही म्हणून लिहितोय. मीटरला फक्त कॉइल, म्हणजे इंजेक्टर उघडणाऱ्या विद्युतचुंबकाची गुंडाळी, दिसते. सोलेनॉइडवाल्या, म्हणजे अशा कॉइलवर चालणाऱ्या, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी पद्धत) इंजेक्टरचा रोध साधारण ०.२ ते ०.५ ओहम, आणि मीटरच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. टोकं एकमेकांना टेकवून तेवढं वजा केलं नाही, तर मोजलं काय? शिवाय कॉइल ठणठणीत असूनही नोझल झिजलेलं असतं, सुई अडकते, रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, डिझेल भसाभसा जातं. यातलं ओहममध्ये काय दिसणार?

तारयंत्री: सल्ला माझा आहे आणि मी ठाम आहे. गाडी गरम झाली की मिसिंग मारायची. गॅरेजने इंजेक्टर गेला म्हणून सांगून टाकलं. मी कपलर (इंजेक्टरला लागणारा वायरीचा प्लग) काढला, कॉइल नीट, पिनपासून बॉडीला कंटिन्युइटी नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग टॅपेट कव्हरखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत मोजला, तर आकडा नाचायला लागला. वायरचं इन्सुलेशन घासून गेलं होतं. नवा इंजेक्टर घालून ते सुटलं असतं का?

जुनी_खोड: एवढं मीटर कशाला? इंजिन चालू ठेवून एकेक कपलर काढा. आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. आम्ही इंजेक्टरच्या डिझेल पाइपचे नट सैल करून हेच करत आलो.

पाना_बारा: कृपा करून हे कोणीही करू नका! कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. वर फक्त ठिपका दिसतो, आत ऑपरेशनची वेळ येते.

जुनी_खोड: मला शिकवू नका. तुम्ही पाना धरायच्या आधीपासून हे करतोय, हात शाबूत आहेत.

निळा_धूर: काका, तुमचे हात वाचले म्हणून दुसऱ्याचे वाचतील असं नाही. आणि पिएझो (कॉइलऐवजी विजेने लांबणाऱ्या स्फटिकावर चालणारा इंजेक्टर) असेल तर चालू इंजिनवर कपलर काढणंही महागात पडतं. चार्ज असताना तोडला तर तो उघडा राहू शकतो, डिझेल सिलिंडरमध्ये ओतत राहतं, पिस्टन जातो. स्कॅनरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) एकेक सिलिंडर बंद करता येतो, तेच काम होतं. आणि तारयंत्री, पिएझो सुमारे २०० किलोओहम दाखवतो. ओहमच्या खालच्या रेंजवर लोक त्याला ओपन, म्हणजे आतून तुटलेला, समजून फेकून देतात. हे तुमच्या सल्ल्यात कुठे होतं?

तारयंत्री: नव्हतं. पिएझोचं लिहायला हवं, तेवढं घ्या.

जुनी_खोड: बरं, कॉमन रेलला नट सैल नको, चालू इंजिनवर कपलरही नको. पण जुन्या यांत्रिक इंजेक्टरला कपलरच नसतो. तिथे तुमचा मीटर लावणार कुठे?

पाना_बारा: तिथे तुमची रीत चालते, नाही कोण म्हणतंय? पण फवारा आणि उघडण्याचा दाब बघायला इंजेक्टर काढून टेस्टरवर लावावाच लागतो. तारयंत्री, हार्नेसचं मान्य. पण कॉइल पास झाल्यावर रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून बघता का? आयडलवर एकच बाटली भराभर भरली, की मीटर काहीही म्हणो, तो इंजेक्टर खोला.

तारयंत्री: बाटल्या लावेन. पण मीटरच्या नंतर.