ऑन्टारिओ: लग्न आणि नुसतं एकत्र राहणं
काही जण म्हणतात, ‘ऑन्टारिओत (कॅनडातल्या या प्रांतात) तीन वर्षं एकत्र राहिलं की समलिंगी जोडप्याला लग्नाचे सगळे हक्क मिळतात.’ नाही मिळत, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. तीन वर्षांनी मिळतो तो पोटगी मागण्याचा हक्क. लग्नाच्या काळात वाढलेल्या मालमत्तेची समान वाटणी फक्त विवाहितांसाठी. घर जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर, मूल नाही, आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर घर त्याच्या आईवडिलांकडे जातं. मागे राहिलेल्याच्या नशिबी कोर्टकचेरी! समलिंगी लग्न १० जून २००३पासून कायदेशीर आहेच. करायचं नसेल, तर साक्षीदारासमोर सह्या केलेला सहजीवन-करार आणि मृत्युपत्र, दोन्ही हवंच. मुलांबाबत मात्र कायदा खरोखर चांगला आहे: २०१७पासून, दात्याच्या शुक्राणूंनी कृत्रिम गर्भधारणा झाली असेल, तर आईची जोडीदारही पालकच; दत्तक घ्यावं लागत नाही.