मदत हवी आहे: भेगांच्या मोजणीवरून वाहकता काढली, मॉडेल चालत नाही

कातळरेषा:
ग्रॅनाइटच्या भागाचं भूजल मॉडेल करतोय. उघड्या कातळावर टेप ताणून भेगा मोजल्या. सरासरी अंतर १ मीटर, फटीची रुंदी फीलर गेजने (फटीत सरकवायच्या मापाच्या पातळ पट्ट्या) ०.५ मिमी. क्यूबिक लॉ (प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात) लावला तर वाहकता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं ते, ०.०००१ मी./से. येते. मॉडफ्लोमध्ये (भूजल मॉडेलचं सॉफ्टवेअर, खडक सलग धरतं) टाकली की पाण्याची पातळी सपाट होते, प्रत्यक्षात उतार चांगला आहे. काय बदलू? अहवाल याच आठवड्यात द्यायचाय.

खोलपाणी:
टेप कोणत्या दिशेने? भेगांची नती (कलाचा कोन) आणि दिशा कुठे आहेत? बोअर किती, उभ्या की तिरप्या? मॉडेल कशासाठी, उपशासाठी की प्रदूषण किती दूर जाईल त्यासाठी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जाळंवाला:
मॉडफ्लो सोडा. भेगाळ खडकाला डीएफएनच (सुट्या भेगांच्या जाळ्याचं मॉडेल) हवं. त्याचं सॉफ्टवेअर डीएफएनवर्क्स मोफत आहे, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचं. प्रत्येक भेग वेगळी धरा, शंभरेक जाळी तयार करा, मग बोला.

खोलपाणी:
@जाळंवाला, त्या जाळ्यांना लांबीचं वितरण कुठून देणार? कातळाच्या कडेला गेलेल्या भेगेची खरी लांबी दिसतच नाही. शिवाय मॉडेलचा एकेक चौकोन शेकडो मीटरचा असेल तर सलग माध्यम, म्हणजे भेगा सरासरीत मिसळून एकसंध खडक, धरून काम भागतं. फक्त दिशेनुसार वाहकता वेगळी द्यायची.

जाळंवाला:
पातळीपुरतं भागेल. प्रदूषणाला नाही. पाणी मोजक्याच भेगांमधून धावतं, सरासरीत तो वेगच हरवतो. सलग माध्यमवाल्यांची पोहोचायची वेळ नेहमी चुकते.

कातळरेषा:
कृपया वाद नको. उपशासाठी आहे. टेप सपाट कातळावर आडवा, पूर्व-पश्चिम. दोन उभ्या बोअर.

तळठाव:
मग आडव्या भेगा तुमच्या टेपला लागल्याच नाहीत. ग्रॅनाइटमध्ये पृष्ठभागाला समांतर सुटणाऱ्या चादरीसारख्या भेगा वरच्या थरात बरंच पाणी नेतात. उलट बोअरला उभ्या भेगा चुकतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या उभ्या भेगाही टेपने सोडल्या. तर्झागी दुरुस्ती करा (भेग टेपशी जितका लहान कोन करते तितकं तिला जास्त वजन), पण भेग टेपला जवळजवळ समांतर असेल तर गुणक भरमसाट फुगतो, त्याला मर्यादा घाला.

झिरपा:
माझा अनुभव सांगतो, बोअर घेताना दोन भेगरेषा जिथे छेदतात तिथेच घ्यावी. उपग्रहचित्रावर रेषा आधी आखा, पाणी लागण्याची शक्यता वाढते.

कातळरेषा:
@झिरपा, बोअर आधीच आहेत. @तळठाव, म्हणजे आडव्या भेगा धरल्या तर वाहकता आणखी वाढणार! मला कमी करायचीय.

तळठाव:
कमी होईल ती रुंदीमुळे. गेज ज्या फटीत गेला तिथे वरचा भार गेलेला असतो, ऊन-पावसाने कडा झिजलेल्या असतात, आत माती आणि मुळं असतात. खोलात तीच फट दाबलेली, खडबडीत भिंती जागोजागी टेकलेल्या. आणि प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात आहे. ०.५ ऐवजी ०.०५ मिमी घेतली तर वाहकता हजारपटीने उतरते. गेजच्या आकड्याने खोलीतली वाहकता ठरवताच येत नाही. ती पाण्यानेच मोजायची: पॅकर टेस्ट (बोअरचा एक तुकडा बंद करून त्यात पाणी दाबायचं) किंवा पंपिंग टेस्ट (बोअर उपसून पातळी किती उतरते ते पाहायचं). झाली आहे का?

कातळरेषा:
पंपिंग टेस्ट आहे, पण ती बोअरच्या क्षमतेसाठी घेतली होती, म्हणून लिहिली नाही. ट्रान्समिसिव्हिटी (वाहकता गुणिले जाडी) १.७ चौ.मी./दिवस. बोअरचा पाणी घेणारा उघडा भाग ४० मीटर.

खोलपाणी:
हे पहिल्याच ओळीत हवं होतं!

तळठाव:
तुमच्या गेजच्या हिशेबाने ४० मीटरला साधारण ३५० चौ.मी./दिवस येते. टेस्ट सांगते १.७. ती सगळी एकाच भेगेवर घातली तरी जलीय रुंदी (प्रवाहावरून काढलेली रुंदी) सुमारे ०.३ मिमीच निघते, आणि अनेक भेगांत वाटली की प्रत्येकीची आणखी कमी. तेव्हा टेपवरून दिशा आणि दाटी घ्या, रुंदी टेस्टवरून उलटी काढा. सुरुवातीला सरासरी वाहकता सुमारे ०.०४ मी./दिवस ठेवा, मग पातळ्यांशी जुळवा.

जाळंवाला:
हे मान्य. पण दोन बोअरच्या टेस्टवर सगळं क्षेत्र रंगवू नका, पुढची बोअर दहापट वेगळं सांगू शकते.

कातळरेषा:
मॉडेल चालवलं, उतार दिसायला लागला. पण टेस्टच्या वेळी दुसऱ्या बोअरमध्ये पातळी फारशी उतरलीच नव्हती. तिचं काय?

तळठाव:
दोन बोअरमधलं अंतर, त्यांना जोडणारी दिशा, आणि दोन्हींचे वेळेनुसार पातळीचे आकडे टाका. उपसा बंद केल्यानंतरचेही.