शब्दचर्चा: संवर्धित, मिश्र आणि डोक्यावर चढवायचं ते यंत्र

प्रश्न:
एक हेडसेट घ्यायचाय आणि शब्दांतच अडकलोय. एकाच्या वर्णनात व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी), दुसऱ्याच्या एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी), तिसऱ्याच्या मिक्स्ड रिअ‍ॅलिटी. मराठीत आभासी, संवर्धित आणि मिश्र वास्तव असे शब्द सापडले. 'संवर्धित' म्हटलं की मला तर पशुसंवर्धनच आठवतं. हे शब्द बरोबर आहेत का? आणि त्यांवरून यंत्रातला फरक कळतो का?

उत्तर:
तिन्हींत 'आभासी' सगळ्यात बरा. शाळेत प्रकाशाच्या धड्यात वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा होत्या, आठवतं? पडद्यावर घेता येते ती वास्तव, आरशात दिसते ती आभासी. व्हीआर हेडसेटमध्ये अक्षरशः हेच चालतं. पडदा डोळ्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असतो, तिथलं डोळ्याला नीट दिसणार नाही. मधलं भिंग त्याची मोठी आभासी प्रतिमा बरीच लांब उभी करतं. त्यामुळे आतलं वास्तव कसंही असो, प्रतिमा पुस्तकी अर्थानेही आभासीच.

खरं तर हेत्वाभास, रसाभास यांच्या चालीवर 'वास्तवाभास' शोभला असता. हेतू नसून हेतूसारखा वाटतो तो हेत्वाभास, तसंच हे. पण 'आभासी वास्तव' रुळलं, आता हलवू नये. अडचण एवढीच, की हल्ली ऑनलाइन असलेलं सगळंच आभासी झालंय. आभासी वर्ग, आभासी बैठक. 'आभासी वर्ग' म्हटल्यावर डोळ्यांवर काही चढवायचंय की नुसता लॅपटॉप उघडायचाय, ते कळत नाही.

उत्तर:
'संवर्धित' मलाही खटकतो. संवर्धन म्हणजे जोपासून वाढवणं. मृदेचं, वनांचं, प्रयोगशाळेत ऊतींचं. इथे वास्तव कोणी जोपासत नाही. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हा शब्द पुढे आला तो बोइंगमधल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या १९९२च्या निबंधातून. विमानाच्या तारा जोडणाऱ्या कामगाराला हातातल्या कामावरच सूचना दिसाव्यात, कागद बघायला मान वळवावी लागू नये, ही कल्पना. म्हणजे पोथीच्या समासातली टीप! माझ्या मते 'सटीप वास्तव' म्हणावं. सटीप आवृत्ती असते तसं.

त्यावर:
वेदान्तात 'अध्यास' तयार आहे की. एकावर दुसऱ्याचा आरोप.

त्यावर:
आहे, पण उलटा पडतो. दोरीवर साप दिसला की दोरी दिसेनाशी होते. एआरमध्ये दोन्ही दिसायला हवेत. दोरी लपवून फक्त साप दाखवणारा चष्मा कोणी घेऊ नये. 'सटीप' आवडला, फक्त टीप म्हणजे अक्षरंच असं वाटतं. खोलीत उभा केलेला डायनोसोर टीप कसा?

उत्तर:
'मिश्र'बद्दल सावध राहा. १९९४मध्ये पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी एक पट्टा मांडला. एका टोकाला निव्वळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी, मधलं सगळं मिश्र. शब्द नेमका होता. मग बाजाराच्या हाती लागला. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी' या नावाखाली जे हेडसेट विकले गेले ते डोळे पूर्ण झाकणारे, सरळ व्हीआरचे होते. अ‍ॅपल तर या सगळ्या शब्दांना बगल देऊन 'स्पेशियल कॉम्प्युटिंग' म्हणतं.

म्हणून नाव सोडा, विचारा: बाहेरचं जग कशातून दिसतं? मेटाचा क्वेस्ट ३ आणि अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हे हेडसेट डोळे पूर्ण झाकतात. समोरची खोली दिसते ती कॅमेऱ्यांनी टिपून आतल्या पडद्यावर दाखवलेली. याला 'पासथ्रू' म्हणतात. कोणी त्याचं 'आरपार' करतात, ती शुद्ध थाप. आरपार काहीच जात नाही; बॅटरी संपली की काळोख. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ मात्र खरोखर आरपार. काचेतून खोली दिसते आणि काच त्यात चित्राचा प्रकाश मिसळते. प्रकाश मिसळता येतो, वजा करता येत नाही, म्हणून काळा रंग दाखवणं तिला जमत नाही. काळं मांजर उभं करा, दिसतील फक्त डोळे. चित्राची चौकटही लहान, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५२ अंश. क्वेस्ट ३मध्ये नुसतं आडवंच ११० अंश दिसतं.

मूळ प्रश्नकर्ता:
मग मी 'एआर चष्मा' म्हणून एक लावून पाहिला, त्यात मान वळवली की चित्रही मानेबरोबर यायचं. ते काय?

उत्तर:
ते नाकावरचं टीव्ही! संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७मध्ये एआरच्या तीन अटी सांगितल्या. खरं आणि आभासी एकत्र हवं, त्याच क्षणी प्रतिसाद हवा, आणि चित्र त्रिमितीत जागेला धरून बसलेलं हवं. टेबलावर ठेवलेला आभासी कप, तुम्ही मान वळवा, उठून मागे जा, टेबलावरच राहिला पाहिजे. तुमच्या चष्म्याची तिसरी अट नापास. विमानात पडून सिनेमा बघायला तो उत्तम, पण ना आभासी वास्तव, ना सटीप.

त्यावर:
अवांतर: क्रियापद कोणतं? चष्मा लावतो, टोपी घालतो, हेडसेट?

त्यावर:
चढवतो. व्हिजन प्रो पहिला आला तो ६००-६५० ग्रॅम, बॅटरी वेगळी खिशात. एवढं वजन 'लावत' नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता:
शेवटचं. वर्णनात 'आयपीडी' (इंटरप्युपिलरी डिस्टन्स) आहे. बुबुळांमधलं अंतर म्हणू का?

उत्तर:
बोलताना चालेल. नेमकं म्हणायचं तर बाहुल्यांमधलं. बुबुळ म्हणजे रंगीत कडं, बाहुली मधलं काळं छिद्र. मोजायचं ते एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. आणि हा शब्द नुसता वाचून सोडू नका, भिंगांमधलं अंतर त्याला जुळायला हवं. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून भिंगं हवी तशी सरकवता येतात, क्वेस्ट ३एसमध्ये तीनच खाचा: ५८, ६३, ६८.

मूळ प्रश्नकर्ता:
आरशासमोर पट्टी धरून तीनदा मोजलं. ६५, ६६, ६५. दोन खाचांच्या बरोब्बर मधोमध. चाकवालाच बघतो.